विकिपीडियाच्या लेखात पुस्तकाचं मुखपृष्ठ: कॉमन्सवर चालत नाही, मग कुठे आणि कसं चढवायचं?

कोरीपाटी

इंग्रजी विकिपीडियावर एका कादंबरीवरचा लेख तयार आहे, सध्या मसुदा म्हणून ठेवलाय. लेखाच्या बाजूच्या माहितीचौकटीत मुखपृष्ठ घालायचं आहे. पुस्तक हाताशी आहे, स्कॅनरही आहे. कॉमन्सवर, म्हणजे सगळ्या विकिपीडियांच्या सामाईक मुक्त चित्रसाठ्यावर, मुखपृष्ठं टिकत नाहीत आणि ‘फेअर यूज’ (परवानगीविना मर्यादित वापराची कायद्यातली सूट) म्हणून ती थेट त्या विकिपीडियावर चढवतात, इथपर्यंत कळलं. पुढचं जाणकारांनी सांगावं:

फॉर्ममध्ये नेमकं काय भरायचं? चित्र किती मोठं चालतं? तेच चित्र लेखकाच्या पानावर आणि मराठी विकिपीडियावरच्या लेखात वापरता येईल का? दुसऱ्या आवृत्तीचं मुखपृष्ठ अगदी वेगळं आहे, तेही द्यावं का? आणि पहिली आवृत्ती १९३४ची आहे. एवढ्या जुन्या मुखपृष्ठावर अजून कॉपीराइट असतो का?

तळटीप

शेवटचा प्रश्न खरं तर पहिला आहे. चित्र मुक्त निघालं तर बाकीची सगळी कटकट वाचते, तेव्हा वर्षांचा हिशेब आधी करून घ्या. तो इथे कुणीतरी सविस्तर सांगेलच. मुखपृष्ठ अमुक्त, म्हणजे कॉपीराइटखालचं आहे असं धरून मी पुढचं सांगतो.

आधी मसुद्याचं. अमुक्त चित्र फक्त प्रकाशित लेखात दिसू शकतं. मसुदा, धूळपाटी, सदस्यपान, चर्चापान यांपैकी कुठेही नाही. तिथे लावलं तर बॉट (आपोआप संपादनं करणारा प्रोग्राम) ते काढून टाकतो, आणि मग फाइल कुठल्याच लेखात नाही म्हणून ‘अनाथ’ ठरते. अनाथ अमुक्त फाइलवर सूचना लागली की सात दिवसांनी ती वगळली जाते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी लेख मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रकाशित लेखांच्या विभागात, जाऊ द्या, मगच फाइल चढवा. चर्चापानावर चित्राचा उल्लेख करायचाच असेल तर दुव्यात फाइलच्या नावाआधी एक कोलन द्या. चित्र न दिसता नुसता दुवा दिसतो.

चढवण्यासाठी खातं किमान चार दिवस जुनं आणि दहा संपादनांचं लागतं. इंग्रजी विकिपीडियाच्या डाव्या पट्टीतल्या अपलोडच्या दुव्यावरून फाइल अपलोड विझार्ड उघडा. तिथे अमुक्त फाइलचा पर्याय घ्या. लेखाचं नाव विचारेल, ते अचूक लिहा, कारण तसा लेख नसेल तर फॉर्म पुढे सरकत नाही. मग ‘ही कॉपीराइट असलेली फाइल आहे, पण फेअर यूजमध्ये बसते’ आणि त्याखाली ‘एखाद्या कृतीचं अधिकृत मुखपृष्ठ’ हे निवडा. हे दोन पर्याय बरोबर निवडले की मुखपृष्ठाचा परवाना-टॅग आपोआप लागतो.

इथेच सर्वाधिक घोळ होतो: ‘हे माझं स्वतःचं काम आहे’ हा पर्याय अजिबात नको. पुस्तक तुमचं आणि स्कॅन तुम्ही केलात, तरी मुखपृष्ठावरचं चित्र तुमचं होत नाही. सपाट चित्राच्या हुबेहूब प्रतीतून नवा कॉपीराइट निर्माण होत नाही, असा निकाल अमेरिकेत १९९९ साली ब्रिजमन विरुद्ध कोरेल या खटल्यात लागला आहे. टेबलावर तिरकं ठेवून फोटो काढलात तर उलट गुंता वाढतो. मुखपृष्ठाचा हक्क चित्रकाराचा किंवा प्रकाशकाचा, फोटोचा हक्क तुमचा, आणि दोन्हींची नोंद द्यावी लागते. स्वतः हाताने चित्र पुन्हा काढलं तरी ते मूळ मुखपृष्ठावर आधारितच राहतं, मुक्त होत नाही.

आता वापराचं कारण, ज्याला तिथे रॅशनेल म्हणतात. लिहायचं इंग्रजीतच, पण आशय साधारण असा:

वर्णन: अमुक कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ, प्रकाशनवर्ष.
हक्कधारक: मुखपृष्ठकाराचं नाव श्रेयपानावर असेल तर ते, नसेल तर प्रकाशक.
स्रोत: पहिल्या आवृत्तीच्या छापील प्रतीवरून स्कॅन, किंवा ज्या पानावरून घेतलं त्याचा पूर्ण पत्ता.
लेख: ज्या लेखात वापरायचं त्याचं नेमकं शीर्षक.
भाग: फक्त पुढचं मुखपृष्ठ. मलपृष्ठ आणि कणा नाही.
कमी रिझोल्यूशन: होय, लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये.
हेतू: लेखाचा विषय असलेल्या पुस्तकाची ओळख पटवण्यासाठी, माहितीचौकटीत, एकदाच.
पर्याय का नाही: मुखपृष्ठ कॉपीराइटखाली आहे, त्याची कुठलीही प्रतिकृती अमुक्तच राहील, आणि ते कसं दिसतं हे शब्दांत पुरेसं सांगता येत नाही.
बाजारावर परिणाम: एवढ्या लहान चित्रावरून छपाईयोग्य प्रत बनत नाही, पुस्तकाच्या विक्रीला बाधा नाही.

‘स्रोत: इंटरनेट’ किंवा ‘गूगल’ असं लिहू नका. ते स्रोत न देण्यासारखंच आहे. फाइलचं नावही ‘स्कॅन००१’ नको. पुस्तक, लेखक आणि आवृत्ती कळेल असं द्या.

एक गोष्ट फॉर्म विचारत नाही, पण परीक्षक बघतात. मुखपृष्ठ लेखात बसतं ते त्या पुस्तकाबद्दल लेखात काही सांगितलंय म्हणून. कथानक, समीक्षकांचं मत, प्रकाशनाचा इतिहास, यातलं काहीतरी संदर्भांसह हवं. दोन ओळींच्या लेखावर एक मुखपृष्ठ टेकवलं तर चित्राची बाजू लंगडी पडते.

खिळाछाप

आकाराचं मी सांगतो.

इंग्रजी विकिपीडियावरचा दंडक म्हणजे साधारण ०.१ मेगापिक्सेल, अर्थात लांबी गुणिले रुंदी एक लाख पिक्सेलच्या आसपास. हा मार्गदर्शक आकडा आहे, पोलादी मर्यादा नाही. पण बरंच मोठं चित्र टाकलंत तर कमी करण्याची खूण लागते आणि बहुतेक वेळा बॉटच ते लहान करतो. बॉट करेलच, म्हणून मोठं टाकून मोकळं व्हायचं, असं करू नये. मोठी प्रत फाइलच्या इतिहासात दिसत राहते आणि प्रचालकाला (अॅडमिनला) ती वेगळी लपवावी लागते.

हिशेब सोपा आहे. रुंदीला उंचीने भागा, त्याला एक लाखाने गुणा, वर्गमूळ काढा. ती नवी रुंदी. साडेपाच बाय साडेआठ इंचाचं पुस्तक ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं तर १६५०×२५५० पिक्सेल येतात, म्हणजे बेचाळीस लाखांच्या वर. सूत्राने नवी रुंदी २५४ येते आणि उंची ३९३. गुणाकार ९९,८२२. बस. दोनास तीन प्रमाणाचं मुखपृष्ठ असेल तर २५८×३८७.

मग मुळातच ७५ डीपीआयला स्कॅन करून काम का भागवू नये? कारण छापील रंग ठिपक्यांचे असतात. कमी डीपीआयला स्कॅनरची जाळी आणि छपाईच्या ठिपक्यांची जाळी एकमेकांवर पडून लाटांसारखे पट्टे उमटतात. ३०० ला स्कॅन करा, स्कॅनरमध्ये हे पट्टे घालवणारी डीस्क्रीनची सोय असेल तर चालू ठेवा, कडा सरळ करून कापा आणि मग लहान करा. शेवटी अगदी हलकं शार्पन. ग्रंथालयाची चिकटपट्टी, किमतीचं लेबल, शिक्का असलेली प्रत शक्यतो टाळा. त्या गोष्टी मुखपृष्ठाचा भाग नाहीत. पण ते खोडायला ब्रशने चित्र रंगवूही नका, दुसरी प्रत शोधा.

प्रकाशकाकडून आलेली जेपीईजी पुष्कळदा छपाईच्या सीएमवायके रंगांत असते. ती तशीच चढवली तर ब्राउझरमध्ये रंग भडक किंवा मळकट दिसू शकतात. पडद्यासाठीच्या एसआरजीबी रंगांत बदलून घ्या.

२५४ पिक्सेलला पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव वाचता येतं, वरची स्तुतिवाक्यं येत नाहीत. ती यायची गरजही नाही. अपवाद एकच: लेखातच मुखपृष्ठावरच्या एखाद्या बारीक तपशिलाची संदर्भासह चर्चा असेल आणि तो लहान आकारात दिसत नसेल, तर थोडं मोठं ठेवता येतं. मग रॅशनेलमध्ये तसं स्पष्ट लिहा आणि ‘लहान करू नये’ असा साचा लावा, नाहीतर बॉटला काय कळणार!

अधोरेखित

१९३४ बद्दल. इथे दोन देशांचे कायदे बघावे लागतात. एक अमेरिकेचा, कारण विकिमीडिया फाउंडेशन तिथलं आहे आणि विकिपीडिया त्या कायद्याखाली चालतो. दुसरा पुस्तक जिथे प्रथम प्रकाशित झालं त्या देशाचा. कॉमन्सला दोन्हीकडे मुक्त लागतं. इंग्रजी विकिपीडियाला अमेरिकेत मुक्त असलं की पुरतं.

अमेरिकेत त्या काळातल्या प्रकाशित कृतीची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षं, वर्षअखेरीपर्यंत. १९३४ अधिक ९५, म्हणजे २०२९चं वर्ष संपेपर्यंत. १ जानेवारी २०३० ला मुक्त. पण पुस्तक अमेरिकेतच प्रथम छापलेलं असेल तर आधी दोन पळवाटा तपासा. १९६३ पर्यंतच्या कृतींना २८व्या वर्षी नूतनीकरण करावं लागे. ते न केलेली असंख्य पुस्तकं तेव्हाच मुक्त झाली. आणि कॉपीराइटची सूचना न छापता प्रकाशित झालेली कृती त्या काळी संरक्षणच गमावून बसे. वरचं सुटं जॅकेट आणि आतलं पुस्तक या बाबतीत वेगवेगळे धरतात, म्हणून जॅकेटच्या दोन्ही आतल्या घड्या सूचनेसाठी स्वतंत्रपणे बघा.

पुस्तक अमेरिकेबाहेरचं असेल तर या पळवाटा सहसा बंद असतात. १ जानेवारी १९९६ ला मूळ देशात जे अजून कॉपीराइटखाली होतं, त्याचा अमेरिकेतला गेलेला हक्क त्या तारखेने परत दिला गेला. उदाहरणार्थ, मृत्यूनंतर ६० वर्षं अशी मुदत असलेल्या भारतासारख्या देशात १९४५ साली वारलेल्या चित्रकाराचं काम २००६ च्या सुरुवातीला मुक्त झालं. पण १९९६ ला ते कॉपीराइटखालीच होतं, म्हणून अमेरिकेत ९५ वर्षं लागू. घरी मुक्त, अमेरिकेत अमुक्त. असं मुखपृष्ठ अमुक्त म्हणूनच चढवायचं.

आणि इथे मृत्यूचं वर्ष मुखपृष्ठकाराचं बघायचं, लेखकाचं नव्हे. हे फार जण विसरतात. लेखकाची मुदत संपली म्हणून मजकूर मुक्त असेल, तरी वरचं चित्र काढणारा त्यानंतर चाळीस वर्षं जगलेला असू शकतो.

दुसरी तपासणी: मुखपृष्ठावर चित्र आहेच का? नुसतं नाव, साधा टाइप, एखादी रेघ, एकरंगी पार्श्वभूमी एवढंच असेल तर अमेरिकेत त्यावर कॉपीराइट बसत नाही. शब्द, छोटे वाक्प्रयोग, टाइपाचा आकार, साध्या भूमितीय आकृती यांना तिथे संरक्षण नाही. असं मुखपृष्ठ फेअर यूजमध्ये कोंबण्याची गरज नाही. ‘निव्वळ मजकूर’ या टॅगखाली ते मुक्त म्हणून जातं, आकाराचं बंधनही राहत नाही. मात्र ब्रिटनसारख्या देशांत मौलिकतेची पातळी पूर्वापार बरीच खालची धरली गेली आहे. तिथलं पुस्तक असेल तर इंग्रजी विकिपीडियावरच ठेवा आणि ‘कॉमन्सवर हलवू नये’ ही सूचना जोडा. हाताने काढलेली सजावटीची अक्षरं असतील तर मी ती साधा टाइप धरणार नाही.

कोरीपाटी

आभार. आतल्या बाजूला चित्रकाराचं नाव आहे आणि चित्र चांगलं भरगच्च आहे, पुस्तकही अमेरिकेबाहेरचं, त्यामुळे अमुक्तच धरतो. एक शंका: प्रकाशकाला विचारलं तर तो आनंदाने परवानगी देईल असं वाटतं. लेखी परवानगी जोडली तर हे सगळं सोपं होईल ना?

तळटीप

‘विकिपीडियावर वापरायला हरकत नाही’ अशी परवानगी तिथे उपयोगाची नाही. अशी फाइल मुक्त मानत नाहीत. ‘फक्त अव्यावसायिक वापर’ किंवा ‘बदल करू नये’ या अटीही चालत नाहीत. कारण सरळ आहे: लेख कुणीही उचलून विकू शकतो, छापू शकतो, बदलू शकतो, आणि चित्रालाही तेच लागू व्हायला हवं.

प्रकाशकाने क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० सारख्या परवान्याखाली मुखपृष्ठ खुलं केलं तर मात्र ते पूर्ण आकारात कॉमन्सवर जाईल. त्याने आपल्या अधिकृत ईमेलवरून, ठरलेल्या मसुद्यात, विकिमीडियाच्या व्हीआरटी या स्वयंसेवक गटाला तसं कळवायचं. तुम्ही त्याचा मेल पुढे पाठवण्यापेक्षा त्याने थेट पाठवलेला बरा. पण त्याआधी त्याला एवढं विचारा: चित्राचे हक्क तुमच्याकडे आहेत की चित्रकाराकडे? एका आवृत्तीपुरता वापर विकत घेतलेला प्रकाशक ते चित्र जगाला खुलं करू शकत नाही.

पानउलट

लेखकाचं पान आणि दुसरी आवृत्ती, हे दोन मुद्दे राहिलेत.

लेखकाच्या पानावर नाही. अमुक्त चित्राचं समर्थन चित्रागणिक नसतं, चित्र अधिक लेख अशा जोडीगणिक असतं. कादंबरीच्या लेखात जे मुखपृष्ठ विषयच दाखवतं, ते लेखकाच्या चरित्रात नुसती सजावट ठरतं. ग्रंथसूचीत ओळीने मुखपृष्ठं लावणं, दालन करणं, हेही त्याच कारणाने उडतं. मलपृष्ठावरचा लेखकाचा फोटो कापून चरित्रात लावण्याची युक्ती तर दोनदा अडते: लेखक हयात असेल तर कुणीही मुक्त फोटो काढू शकतो, म्हणून पर्याय उपलब्ध आहे, आणि तो फोटो छायाचित्रकाराची स्वतंत्र, पूर्ण कृती आहे.

पुस्तकमालिकेवर लेख असेल तर एक चित्र. संचाची पेटी असेल तर तिचं एकच चित्र सात मुखपृष्ठांचं काम करतं.

दुसऱ्या आवृत्तीचं मुखपृष्ठ ‘वेगळं आहे’ एवढ्यावर टिकणार नाही. माहितीचौकटीत एक, शक्यतो पहिल्या आवृत्तीचं. दुसरं घालायचं तर त्या मुखपृष्ठावरच कुणीतरी लिहिलेलं हवं: बंदी आली, बदलायला लावलं, मांडणीला पुरस्कार मिळाला, समीक्षकाने चित्राची चर्चा केली. तो मजकूर संदर्भासह आधी लेखात आणा, चित्र त्या परिच्छेदाशेजारी लावा, आणि त्याला वेगळं रॅशनेल द्या. ‘ओळख पटवण्यासाठी’ हे वाक्य तिथे पुन्हा चिकटवलं तर उपयोग नाही. ओळख पहिल्याने पटवून झालेली असते.

खिळाछाप

पानउलट, यावर थोडा मतभेद. भाषांतरित कादंबरीच्या बाबतीत इंग्रजी वाचकाला इंग्रजी आवृत्तीचंच मुखपृष्ठ ओळखीचं असतं. तिथे मूळ भाषेतलं आणि इंग्रजी, अशी दोन ठेवली तर काय बिघडलं?

पानउलट

‘कमीत कमी’ ही अट बिघडते. एकाने काम होत असेल तर दोन नाहीत, असंच ते धोरण लिहिलंय. कुठलं एक ठेवायचं यावर चर्चापानावर वाद घालता येईल, आणि मूळ पहिल्या आवृत्तीकडे कल असतो. मूळ मुखपृष्ठ मुक्त निघालं तर प्रश्नच मिटला, ते ठेवा आणि अमुक्त इंग्रजी मुखपृष्ठ काढा.

अधोरेखित

कायदा एवढा कडक नाही, हे मात्र नोंदवून ठेवायला हवं. अमेरिकेच्या १९७६च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १०७ चार गोष्टी तोलतं: वापराचा हेतू आणि स्वरूप, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला, बाजारावर काय परिणाम झाला. २००६ साली बिल ग्रॅहम आर्काइव्ह्ज विरुद्ध डॉर्लिंग किंडर्स्ली या खटल्यात एका सचित्र इतिहासाच्या पुस्तकात संगीत कार्यक्रमांची पोस्टर्स आणि तिकिटं पूर्णच, पण लहान करून छापली होती, आणि न्यायालयाने तो फेअर यूज मानला. पूर्ण चित्र घेतलं तरी आकार लहान आणि हेतू वेगळा, हे तिथे निर्णायक ठरलं. मुखपृष्ठाची बाजू यापेक्षा फार वेगळी नाही.

विकिपीडियाचे नियम त्याहून मुद्दाम कडक ठेवलेत. फेअर यूज हा वापरणाऱ्याचा बचाव असतो. तो विकिपीडियाला मिळाला म्हणून लेख उचलून दिनदर्शिका छापणाऱ्याला मिळेलच असं नाही. म्हणून २३ मार्च २००७ च्या ठरावाने फाउंडेशनने सांगितलं, की प्रत्येक प्रकल्पाने अमुक्त चित्रं घ्यायची की नाही हे आपलं अपवाद-धोरण लिहून ठरवावं, ते त्या ठिकाणच्या कायद्यात बसावं आणि वापर कमीत कमी असावा. ज्या प्रकल्पाचं असं धोरण नाही, तिथे अमुक्त फाइल नाही. जर्मन विकिपीडिया फेअर यूज घेतच नाही. कॉमन्सला तर असं धोरण करण्याचीच मुभा नाही.

तेव्हा मराठी विकिपीडियाच्या प्रश्नाचं उत्तर या धोरणात आहे. मेटा-विकीवर, म्हणजे सगळ्या विकिमीडिया प्रकल्पांच्या सामाईक विकीवर, अमुक्त आशयाचं पान आहे, त्यात प्रकल्पवार नोंद असते. ती आणि त्या विकीचं स्वतःचं धोरणपान, दोन्ही आत्ताच्या स्थितीत बघून घ्या. इंग्रजीवर चढवलेली फाइल स्थानिक असते, दुसऱ्या भाषेतल्या लेखात तिचं नाव लिहिलं तरी लाल दुवाच दिसेल. धोरण असेल तर तिथे नव्याने चढवून, तिथलं रॅशनेल लिहावं लागतं. नसेल तर लेख चित्राविना राहू द्या. विकिडेटा या विकिमीडियाच्या माहितीसाठ्याच्या ‘चित्र’ गुणधर्मात टाकायचा प्रयत्नही नको, तिथे फक्त कॉमन्सची फाइल बसते.

तळटीप

एक पुरवणी, कारण चढवून झाल्यावर लोक फाइलकडे ढुंकून बघत नाहीत. फाइलचं पान आपल्या निरीक्षणसूचीत घाला. महिन्या-दोन महिन्यांनी कुणी लेखाचं शीर्षक बदलतं, मागे कंसात ‘कादंबरी’ जोडतं, आणि रॅशनेलमध्ये जुनंच नाव राहतं. चित्र एका लेखात, कारण दुसऱ्याच नावाचं, म्हणून बॉट किंवा एखादा संपादक ते काढतो. शीर्षक बदललं की रॅशनेलमधलं नाव त्याच दिवशी बदला.

दुसरा प्रकार: कुणीतरी माहितीचौकटीचा साचा बदलताना चित्राची ओळ पडते, फाइल अनाथ होते, सात दिवसांची सूचना लागते. घाबरायचं कारण नाही. लेखाच्या इतिहासात चित्र कधी गळलं ते बघा. चुकून गळलं असेल तर परत लावा आणि अनाथपणाची सूचना स्वतः काढा. मुद्दाम काढलं असेल तर परत लावण्याआधी चर्चापानावर विचारा. सात दिवस उलटून फाइल गेलीच, तरी नव्याने स्कॅन करत बसू नका. वगळलेली फाइल प्रचालकांना दिसते, ते ती परत आणू शकतात. पुनर्स्थापनेच्या विनंतीपानावर फाइलचं नाव आणि ती कुठल्या लेखात परत लागणार आहे एवढं लिहा.